जास्त दुधाचा वळू की वेळेत गाभण राहणाऱ्या लेकींचा?

समोर कॅटलॉगमधली दोन वळूंची पानं उघडी आहेत आणि कुठल्याच्या स्ट्रॉ (रेतनासाठीच्या गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या) घ्यायच्या ते ठरत नाहीये, अशा माणसासाठी हे लिहितोय. एका पानावर दुधाचा आकडा डोळ्यात भरणारा, पण खाली प्रजननाच्या रकान्यात उणे. दुसऱ्यावर दूध ठीकठाक, डोळे दिपवणारं काही नाही, पण लेकी वेळेत गाभण राहतात आणि जास्त वेतं टिकतात. मी दोन्ही प्रकारचे वळू वापरलेत, दोघांच्या लेकी एकाच गोठ्यात, एकाच गव्हाणीवर, एकाच हाताखाली वाढल्यात. माझा गोठा म्हणजे काही संशोधन केंद्र नाही, लेकी मोजक्याच आहेत, त्यामुळे मी सांगतोय तेच सगळीकडे घडेल असा दावा नाही. पण रोज सकाळ-संध्याकाळ जे बघितलं ते सांगतो. पुढे दोन शब्द येतील: ब्रीडिंग व्हॅल्यू म्हणजे वळूच्या रक्तातून लेकींना काय मिळेल याचा अंदाज, त्याच्या पानावरचा आकडा, आणि रिलायबिलिटी म्हणजे त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते.

आधी दुधाच्या वळूबद्दल, कारण त्याने शब्द पाळला हे मान्य करायलाच हवं. त्याच्या लेकी पहिल्या वेतापासूनच वेगळ्या दिसल्या. दुधाची आनुवंशिकता साधारण ०.३ धरतात, म्हणजे गाईगाईंत जो फरक दिसतो त्यातला तीस टक्क्यांच्या आसपास रक्तातून येतो, आणि जनावराच्या बाबतीत हे प्रमाण चांगलंच म्हणायचं. म्हणून दुधावर निवड केली की फळ लवकर दिसतं, एका पिढीत दिसतं, धार काढणाऱ्याच्या हाताला कळतं. मी तेव्हा फार खूश होतो आणि त्या खुशीत पुढच्या दोन वर्षांची बहुतेक रेतनं त्याच वळूची केली.

मग एकविसाव्या दिवसाचं सुरू झालं.

पहाटे गोठ्यातला दिवा लावायचा आणि सगळ्यात आधी त्याच्या एका लेकीच्या, चंद्रीच्या शेपटीकडे बघायचं, अशी सवयच लागली होती मला. गाय राहिली नसेल तर साधारण एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. रेतनाला वीस दिवस झाले, आज एकविसावा. अठराव्या दिवसापासून पोटात धाकधूक असते. ती रात्रभर बसली नाही हे खालचं तुडवलेलं शेण बघूनच कळायचं, दावं ताणून उभी, कान टवकारलेले, आणि शेपटीला काचेसारखा स्वच्छ लांबलचक सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, चिकटलेला, त्याला भुसा लागलेला. उलटली, म्हणजे राहिली नाही. पुन्हा उलटली. आधी वाटलं वेळ चुकली असेल, तर सकाळी माज दिसला की संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम काटेकोर पाळला. गर्भाशयाची पिशवी तपासून घेतली, खनिज मिश्रण वाढवलं, रेतन करणारा माणूसही बदलून बघितला. सगळं ठीक होतं आणि तरी चौथ्यांदा तीच पहाट, तोच सोट. मला सगळ्यात जास्त कशाने त्रास झाला असेल तर याने, की चूक सापडतच नव्हती. आजार असता तर औषध दिलं असतं. इथे गाय निरोगी, भरपूर दूध देणारी, आणि फक्त राहत नाही. शिवाय ती एकटी नव्हती, त्याच वळूच्या बाकीच्या लेकींतही निम्म्याहून जास्त अशाच, कोणी उलटणारी, कोणी मुका माज दाखवणारी जिची तारीख वहीत बघूनच लक्षात यायचं की अरे, हिचा माज निघून गेला.

हिशोब फार साधा आहे. गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. वर्षाला एक वासरू हवं तर व्यायल्यानंतर ८५ दिवसांच्या आत ती गाभण राहायला हवी. पहिले ५०-६० दिवस आपण तिला सावरायला देतो, म्हणजे हातात उरतात एक किंवा फार तर दोन माज. दोन माज वाया गेले की बेचाळीस दिवस गेले, चार गेले की जवळजवळ तीन महिने. आणि ते तीन महिने शेवटच्या, उतरत्या दुधाचे असतात. वर लांबलेल्या वेतात गाय अंगाने जास्त भरते आणि तशी जाड झालेली गाय व्याली की जार अडकणं, चारा कमी खाणं, किटोसिस (अंगातली चरबी जळून रक्तात किटोन वाढण्याचा आजार), हे मागोमाग येतं. म्हणजे पहिल्या वेतात कमावलेलं दूध दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या आरंभी परत जातं. वहीत फक्त रोजचे लिटर लिहिणाऱ्याला हे दिसत नाही, मलाही बराच काळ दिसलं नव्हतं.

पण त्याहून मोठी गोष्ट मला उशिरा कळली आणि तुम्ही ठरवायच्या आधी ती लक्षात घ्यावी असं मनापासून वाटतं. गाई वेळेत व्याल्या नाहीत की कालवडी कमी मिळतात. कालवडी कमी म्हणजे जी जन्मली ती ठेवायलाच लागते, कशीही असो, कारण गोठा भरायचाय. निवड करायला जागाच राहत नाही. आणि निवड नाही तर सुधारणा नाही, दुधाचीही नाही. मी दुधासाठी वळू आणला आणि तिसऱ्या वर्षी माझ्या हातात दुधावर छाटणी करायला जास्तीची एकही कालवड नव्हती. उलट ज्या गाईंना खरं तर काढायला हवं होतं, त्या केवळ गाभण आहेत म्हणून ठेवल्या. प्रजनन हा इतर गुणांच्या रांगेतला अजून एक गुण नाही, बाकीचे सगळे गुण निवडायची मोकळीक तोच देतो. हे माझं मत आहे, पण पक्कं आहे.

आता यावर एक मुद्दा हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. लोक म्हणतात, प्रजननाची आनुवंशिकता ०.०४ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, ते व्यवस्थापनाने सुधारायचं, वळू दुधावरच निवडायचा. मीही हेच म्हणायचो. पण ०.०४ चा अर्थ असा, की एका गाईकडे बघून तिच्या रक्तात काय आहे ते कळणार नाही. रक्तात फरकच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. आनुवंशिकता हे विचलनांच्या वर्गांचं गुणोत्तर असतं, म्हणून वर्गमूळ घ्यायचं, आणि ०.०४ चं वर्गमूळ ०.२. समजा व्यायल्यापासून गाभण राहीपर्यंतच्या दिवसांत गाईगाईंमध्ये ६० दिवसांचं प्रमाण विचलन (सरासरीपासून किती पसारा आहे त्याचं माप) आहे, तर त्यातलं आनुवंशिक विचलन १२ दिवसांचं निघतं. हे लहान नाही. अडचण फक्त ओळखण्याची आहे आणि तिथे लेकींची संख्या कामाला येते. दुधासाठी १२-१३ लेकींच्या नोंदींवर वळूच्या आकड्याला निम्मी रिलायबिलिटी मिळते, प्रजननासाठी तेवढीच मिळायला शंभरेक लेकी लागतात, आणि ९० टक्क्यांपर्यंत जायचं तर नऊशेच्या घरात. म्हणून प्रजननाचा आकडा बघताना त्याच्या शेजारची रिलायबिलिटी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आता जीनोमिक (डीएनएच्या) चाचणीमुळे तरुण वळूचाही अंदाज मिळतो (अमेरिकेत ते आकडे २००९ पासून अधिकृत झाले), तरी शक्य असेल तिथे मी लेकी झालेला वळूच घेतो.

आकडा वाचतानाही एक जपायचं. काही ठिकाणी प्रजनन दिवसांत देतात, तिथे उणे असलेलं चांगलं. अमेरिकन पद्धतीत डॉटर प्रेग्नन्सी रेट, म्हणजे लेकींच्या गाभण राहण्याचा दर, टक्क्यात असतो, तिथे अधिक असलेलं चांगलं, आणि १ टक्का म्हणजे साधारण ४ दिवस. एक वळू +२ आणि दुसरा −२ असेल तर त्यांच्या लेकींमध्ये सरासरी १६ दिवसांचा फरक अपेक्षित आहे. सोळा दिवस. दोन माजांमध्ये एकवीस दिवसांचं अंतर असतं हे लक्षात ठेवून तो आकडा परत बघा.

आणि हे दोन गुण एकमेकांच्या उलट ओढतात हे तर मोठमोठ्या देशांनी भोगून झालंय. दूध आणि प्रजनन यांचा आनुवंशिक संबंध साधारण −०.३ धरतात. होलस्टिन या काळ्या-पांढऱ्या दुधाळ जातीत कित्येक दशकं निवड मुख्यतः दुधावर झाली आणि गाभण राहण्याचं प्रमाण हळूहळू घसरत गेलं, शेवटी २००३ मध्ये अमेरिकेने लेकींच्या प्रजननाचं मूल्यमापन सुरू करून ते एकूण गुणांकात (सगळ्या गुणांना वजन देऊन काढलेल्या एका आकड्यात) घातलं, आणि नंतर ती घसरण थांबली. नॉर्वेने मात्र १९७० च्या दशकातच आपल्या लाल जातीच्या निवडीत प्रजनन आणि कासेचे आजार धरले होते, आणि आज ती जात गाभण राहण्यासाठी आणि निरोगीपणासाठीच ओळखली जाते. दूधही देते. हे उदाहरण मला धीर देतं. संबंध −०.३ आहे, −१ म्हणजे पुरता उलटा नाही, म्हणजे दोन्हीत बरे असलेले वळू असतात, फक्त शोधावे लागतात.

कासेचं थोडं सांगतो, कारण माझ्या यादीत ती दुसऱ्या नंबरवर आहे. कासेची खोली, सडांची जागा या गोष्टींची आनुवंशिकता ०.२५ च्या आसपास, म्हणजे लवकर सुधारतात. दुधाच्या वळूच्या दोन लेकींची कास तिसऱ्या वेतात गुडघ्याखाली आली, पुढचे सड बाहेर फाकलेले, मशीनचा कप लावला की हवा खेचल्याचा आवाज आणि कप खाली. बसताना सड चेंगरायचा, मग सूज, मग दगडी (कासेचा दाह). अशा गाईचं दूध कितीही असो, तिची धार म्हणजे रोजची झटापट. पायाचे गुण मी बघतो पण त्यावर अडून बसत नाही. फॅट आणि प्रोटीनचा टक्का ०.५ च्या आसपास आनुवंशिक आहे, हवा तेव्हा पटकन वाढवता येतो, त्यामुळे त्याची घाई नाही. उंचीसाठी एक गुणही देत नाही, उंच गाय चारा जास्त खाते एवढंच माझ्या अनुभवाला आलं.

एक मोह टाळा, सगळंच एकदम सुधारायचा. गुण जेवढे जास्त तेवढी प्रत्येकातली प्रगती मंदावते. एकमेकांशी संबंध नसलेले, सारख्या वजनाचे चार गुण धरले तर प्रत्येकात, फक्त तोच एक धरला असता त्याच्या निम्मीच मजल होते, नऊ धरले तर एक तृतीयांश. म्हणून दोन-तीन. एकेक गुण पाळीपाळीने घेणं सगळ्यात संथ, कारण एक वाढवताना दुसरा घसरतो, मी तेच केलं होतं. प्रत्येक गुणाला किमान पातळी लावून चाळणं त्याहून बरं. सगळ्यांचं वजन एकत्र करून एकच गुणांक काढणं सरस, हे लॅनॉय हेझेल आणि लश या पशुप्रजनन शास्त्रज्ञांनी १९४२ मध्येच मांडलंय. मी स्वतः आता एकूण गुणांकावर वरचे वळू काढतो आणि मग प्रजनन आणि कास यांना किमान पातळी लावतो, त्यात न बसणारा बाजूला, दुधाचा आकडा कितीही मोठा असला तरी. पुस्तकी दृष्टीने ही दुहेरी चाळण कदाचित अनावश्यक असेल, पण त्या पहाटे मला परत नकोत.

याचा अर्थ दुधाचा वळू कुणीच घेऊ नये असा नाही. तुमच्या गाई पहिल्या-दुसऱ्या रेतनात राहतायत, दूधच कमी आहे आणि चारा-खुराक वाढवायची तयारी आहे, तर तुमच्यासाठी तोच बरोबर असेल. पण खुराकाचं मन लावून तपासा. व्यायल्यावर पहिले दोन महिने अशी गाय खाण्यापेक्षा जास्त देते, फरक अंगातून काढते, पाठीची हाडं वर येतात आणि माज लांबतो. रक्त जास्त दुधाचं आणि गव्हाण जुन्या मापाची, हे जमत नाही. तसंच ज्यांच्या गाई दूध फार काळ टिकवून धरतात त्यांना वर्षाला वासराचा एवढा आग्रह धरायचीही गरज नाही, त्यांचं गणित वेगळं निघू शकतं.

दुसऱ्या वळूच्या लेकी रोज थोडं कमी देतात, हे उघड आहे आणि सुरुवातीला मन खट्टू होतं. पण त्यांचा माज ठसठशीत असतो, आरडाओरडा करून गोठा डोक्यावर घेतात, आणि बहुतेक जणी पहिल्या किंवा दुसऱ्या रेतनात राहिल्या. त्यांतली सगळ्यात मोठी आता पाचव्या वेतात आहे. दुधाच्या वळूची एकही लेक माझ्याकडे चौथ्याच्या पुढे गेली नाही, चंद्री दुसऱ्यातच गेली.

दुधाच्या वळूच्या काही स्ट्रॉ अजून कंटेनरमध्ये आहेत. त्या मी फेकल्या नाहीत. ज्या गाईची आई वेळेत राहायची, ती स्वतःही पहिल्या रेतनात राहते आणि जिची कास गुडघ्याच्या वर आहे, अशा दोघीतिघींवरच वापरतो, आणि त्यांच्या कालवडी झाल्या की वहीत रोजच्या लिटरच्या आधी रेतनांची संख्या लिहितो.