संघ आपला, स्टेडियम कुणाच्या पैशातून? बंदिस्त स्टेडियम की छताचं कोर्ट

गावातल्या बास्केटबॉल संघावर जीव असलेल्या माणसापुढे कधी ना कधी एक निवेदन येतं : ‘पालिकेने शहरात बंदिस्त बास्केटबॉल स्टेडियम उभारावं.’ सही नाही केली, तर संघाशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. तसं वाटून घ्यायचं काही कारण नाही. सामन्याला गळा फाडून ओरडणारा माणूसच पालिकेला खर्चाचा हिशेब मागू शकतो, कारण त्या पैशातून खेळाडूंच्या पदरात नेमकं काय पडणार हे त्यालाच कळतं.

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार अशा शहरांत पर्याय साधारण दोनच असतात. एक, दोन-तीन हजार खुर्च्यांचं वातानुकूलित स्टेडियम. दुसरा, असलेल्या मैदानावर पक्का पाया, छत आणि चांगले दिवे असलेलं कोर्ट.

खेळाला जागा किती लागते

कोर्ट 28 बाय 15 मीटर. चारही बाजूंना 2 मीटर मोकळी जागा धरली की 32 बाय 19, म्हणजे 608 चौरस मीटर. वर 7 मीटरपर्यंत तुळई, पंखा, दिवा काहीही आडवं येता कामा नये. राखीव खेळाडूंची बाकं आणि गुणलेखकांचं टेबल धरून 36 बाय 22 ची शेड पुरते. त्यापलीकडचं सगळं बांधकाम प्रेक्षकांसाठी असतं.

मग प्रेक्षक वर्षातून किती दिवस येणार? अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल साखळीतल्या संघाला हंगामात 82 सामने असतात, त्यातले 41 घरच्या मैदानावर. तरीही तिथली स्टेडियमं उरलेल्या दिवसांत गाण्यांचे कार्यक्रम भरवून खर्च भागवतात. आपल्याकडे शालेय आणि संघटनेच्या स्पर्धा काही दिवसांत उरकतात आणि यजमानपद दरवर्षी मिळत नाही. रिकामा हॉल मग लग्नाला, प्रदर्शनाला, मेळाव्याला भाड्याने जातो. मंडपवाल्याचे लोखंडी पाय आणि ओढत नेलेल्या खुर्च्या यांनी लाकडी फ्लोअरिंगवरचं पॉलिश खरवडून निघतं. त्यात लग्नसराई नेमकी उन्हाळी शिबिराच्या दिवसांत. मुलांना सुट्टी असते आणि हॉलला कुलूप किंवा मांडव.

काळी जमीन

पैसे खरे बुडतात ते इथे. तापीच्या खोऱ्यातली भारी काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. स्टेडियमचे खांब खोल पायावर असतात, ते हलत नाहीत. मधली फरशी मात्र मातीवर टेकलेली असते, ती उचलते. मग लाकडी फ्लोअर कुरकुरतो आणि काही ठिकाणी चेंडू उसळतच नाही. वर दमट श्रावणात लाकूड फुगतं आणि एप्रिल-मेमध्ये आकसून फटी पडतात. हे टाळायचं तर हवेतला ओलावा बारा महिने ताब्यात ठेवावा लागतो, म्हणजे सामना नसतानाही यंत्रणा चालू.

छताच्या कोर्टालाही हीच माती आहे, पण इलाज आवाक्यातला आहे. काळी माती मीटरभर काढून टाकायची. 15-15 सेंटिमीटरच्या थरांनी मुरूम भरायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा. त्यावर खडी, त्यावर 12 ते 15 सेंटिमीटर काँक्रीट. साधारण 4 मीटरवर सांधे कापायचे, म्हणजे तडा गेलाच तर सरळ रेषेत जातो. 28 दिवस झाल्याशिवाय ॲक्रिलिकचा रंग चढवू नये. आधी मीटरभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून एक रात्र ठेवावं. सकाळी आतून थेंब दिसले, तर रंगाचे पापुद्रे निघणार हे नक्की. ठेकेदार हीच पायरी गाळतो आणि दोन पावसाळ्यांत कोर्टाची चाळण होते.

ऊन आणि वीजबिल

भुसावळच्या मे महिन्यात उघड्या पत्र्याखाली सराव करणं धोक्याचं आहे, हे स्टेडियमवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण त्यावर वातानुकूलन हा एकच उपाय नाही. उष्णतारोधक थर असलेले पत्रे, छताच्या कण्यावर हवा बाहेर जायला फट, दोन्ही लांब बाजू जाळी लावून मोकळ्या, आणि सराव सकाळी 6 ते 8 व संध्याकाळी 6 नंतर. भर दुपारी तिथेही खेळता येणार नाही, हे मान्य करायला हवं.

उदाहरणादाखल आकडे मांडून बघा. 200 वॉटचे 24 एलईडी दिवे चार तास लावले, तर 19 युनिटच्या आसपास वीज लागते. समजा हॉलच्या वातानुकूलनाचा भार 200 किलोवॉट आहे, तर त्याच चार तासांना 800 युनिट. सरावाला 200-300 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पुरतो, जिल्हा पातळीच्या सामन्याला 500. दिवे लांब बाजूंना लावावेत. बास्केटच्या मागे लावले, तर नेम धरताना डोळे दिपतात.

‘संघ निघून जाईल’ ही भीती

स्टेडियम मिळालं नाही तर संघ निघून जाईल, ही भीती अमेरिकेत खरी असते. सिएटलच्या मतदारांनी 2006 साली संघांच्या स्टेडियमला मिळणाऱ्या सार्वजनिक पैशावर कडक अटी घातल्या आणि 2008 मध्ये तिथला सुपरसॉनिक्स हा एनबीएचा संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. त्याच ओक्लाहोमा सिटीने 2023 मध्ये मतदान घेऊन किमान 90 कोटी डॉलरच्या नव्या स्टेडियमसाठी विक्रीकर मान्य केला. संघाचा वाटा 5 कोटी डॉलर. अशा खर्चाने शहराची कमाई तेवढी वाढत नाही, यावर तिथल्या बहुतेक अर्थतज्ज्ञांचं एकमत आहे : सामन्यावर खर्च झालेला पैसा एरवी त्याच शहरात हॉटेलात, सिनेमाला गेला असता.

आपला संघ कुठे जाणार आहे? पोरं इथल्याच शाळा-कॉलेजांतली, प्रशिक्षक इथलेच. संघ हलवायची धमकी देणारा मालकच इथे नाही, मग घाई कशाची? आणि पालिकेने हुडको या केंद्र सरकारच्या कर्जसंस्थेकडून घेतलेल्या कर्जाचे हप्ते किती वर्षं मानेवर बसतात, हे ते भोगलेल्या जळगावकरांना कुणी सांगायला नको.

मग सही करावी का

आमचं स्पष्ट मत : शहरात एकही छताचं कोर्ट नसेल, तर स्टेडियमच्या निवेदनावर सही करू नये, छताच्या कोर्टाचं निवेदन स्वतः लिहावं. दोन-तीन कोर्टं रोज संध्याकाळी भरून वाहत असतील, तेव्हा स्टेडियमचा विषय रास्त ठरतो.

तोवर कागद मागावेत. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. अंदाजपत्रक, माती परीक्षणाचा अहवाल, देखभाल-दुरुस्तीची वार्षिक तरतूद आणि चालवायला देण्याच्या कराराचा मसुदा, एवढं मागा. देखभालीची तरतूद कोरी असेल, तर बाकीचं वाचायचीही गरज नाही. क्रीडा संकुल बांधायला सरकारी अनुदान मिळतं. पहारा, सफाई, वीज यांचा भार शेवटी स्थानिकांवरच येतो.

संघासाठी आज करण्यासारखंही बरंच आहे. मुलांना 7 नंबरचा, मुलींना 6 चा चेंडू, आणि काँक्रीटवर रबरी किंवा कंपोझिटच. चामड्याचा चेंडू तिथे लवकर सोलवटतो. रिंग 3.05 मीटरवरच आहे का, टेप लावून बघा. मुरूम टाकून मैदान उंचावलं की ती खाली येते आणि मुलांचा नेम चुकीच्या उंचीवर बसतो. पंचांचं मानधन आणि बाहेरगावच्या प्रवासाचं भाडं यासाठी वर्गणी काढा.

कोर्ट मंजूर झालंच, तर मुलींच्या संघाची संध्याकाळची वेळ पालिकेच्या सभेच्या ठरावातच लिहून घ्या. तोंडी दिलेला शब्द पुढचे अधिकारी पाळतीलच असं नाही.