महिला शास्त्रज्ञांची बालचरित्रं: आठ महिन्यांच्या वाचनानंतर

मे महिन्यात फोंड्याच्या पुस्तक प्रदर्शनातून हा आठ चरित्रांचा संच घेतला. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. घरात आम्ही कोकणी बोलतो, ती वाचते मात्र मराठी. मी स्वतः माशेलला शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे पानं तिच्याइतकीच मीही उलटली. आता जानेवारी उजाडलाय. तीन पुस्तकांचे कोपरे मऊ पडलेत, दोन अजून कोरी करकरीत आहेत. असं का, ते हळूहळू लक्षात आलं. त्या बाईने नेमकं काम काय केलं ते ज्या पुस्तकात दिसतं, ते मूल पुन्हा पुन्हा उघडतं. नुसतं ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात करून यशाचं शिखर गाठलं’ असेल, तर एकदा वाचून कपाटात.

सगळ्यात जास्त हाताळलं गेलं ते जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रमण यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, ही हटून बसली, शेवटी अटी घालून घेतलं, हा प्रसंग छान रंगवलाय. पण माझी लेक अडकली ती पुढच्या पानावर. केंब्रिज, १९३९, बटाटा. वनस्पतींच्या पेशीही श्वसन करतात आणि त्या कामात सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन असतं, हे कमलाबाईंनी बटाट्यावर काम करून दाखवलं. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. रात्री भाजी चिरताना लेक जवळ येऊन उभी राहिली, “आई, बटाट्यांत तिका कितें मेळ्ळें?”

पुस्तकात शेवटी ‘करून पाहा’ आहे: बटाटा चिरून ठेवा, काळा पडतो, हेच ते सायटोक्रोमचं काम. हे चूक आहे. बटाटा काळा पडतो तो वेगळ्याच विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे. मुलांच्या पुस्तकात अशी चूक चालवून घेऊ नये, कारण मूल ती आयुष्यभर खरी धरून चालतं. मग आम्ही दुसरंच करून पाहिलं. औषधांच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं आणि मी दोन थेंब कच्च्या फोडीवर टाकले. पांढरा फेस फसफसून वर आला. पेरॉक्साइड फोडून प्राणवायू मोकळा करणारं कॅटलेज हे विकर बटाट्यात असतं. “उकडल्ल्याचेर?” तिने विचारलं. कुकरमधला थंड झालेला बटाटा काढला, थेंब टाकले. काहीच नाही, थेंब तसाच बसून राहिला. उष्णतेने विकर निकामी होतं, हे मी वर्गात कितीदा सांगितलंय, पण तिचा चेहरा पाहताना मलाही ते नव्याने कळल्यासारखं वाटलं.

नीरेचं प्रकरण आमच्याकडे आणखी जवळचं ठरलं. कमलाबाईंनी नंतर नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं. आमच्या माडावर रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, चढतो आणि सूर, म्हणजे माडाचा रस, काढतो. लेकीने त्याच्याकडून भल्या पहाटेची, न आंबलेली वाटीभर मागून चाखली आणि “ही कमलाबायेची!” म्हणाली.

ॲना मणींचं पुस्तकही तसंच जिवंत आहे. हवामानखात्यात उपकरणं घडवणारी ही बाई वाचून लेकीने जूनमध्ये बाटली कापून पर्जन्यमापक केला आणि गणपतीपर्यंत रोज सकाळी मिलिमीटर लिहिले. मेरी क्युरी ठीक, पण तिथे दोन नोबेल, १९०३ आणि १९११, एवढंच लक्षात राहतं.

माझी खरी तक्रार आनंदीबाई जोशींच्या पुस्तकाबद्दल आहे. ते १८८६ च्या पदवीदान समारंभापाशी संपतं. फुलं, टाळ्या, शेवट. त्यांचं दहा दिवसांचं बाळ गेलं आणि त्यातूनच डॉक्टर व्हायचं मनात आलं, हे नाही. पदवी घेऊन परत आल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षंही पूर्ण व्हायच्या आत त्या क्षयाने गेल्या, हेही नाही. लेकीने विचारलं, मग त्यांनी किती जणींना बरं केलं? मी खरं सांगितलं. ती रडली, आणि मग माझ्यावर नाही, पुस्तकावर रागावली. मुलांना मरण कळतं. त्यांच्यापासून ते लपवलं की त्यांचा पुस्तकावरचा विश्वास जातो.

आणि आपल्या घराजवळचीच बाई संचात नाही, याचं वाईट वाटतं. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या अदिती पंत १९८३ साली सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर अंटार्क्टिका मोहिमेवर गेल्या. भारतीय मोहिमेत गेलेल्या या पहिल्या दोघी. गोव्यातल्या मुलांना ती संस्था बसच्या खिडकीतून दिसते. लेकीने त्यांच्यावर एक पान लिहून ॲना मणींच्या पुस्तकाच्या मागे चिकटवलंय, बर्फाचं चित्र निळ्या खडूने.

बांधणी मात्र आपल्या पावसाळ्याला टिकणारी नाही. गुळगुळीत कागद दमटपणाने एकमेकांना चिकटला, ऑगस्टमध्ये दोन पुस्तकांचे कणे सुटले. प्रकाशकांना कळवलं, उत्तर आलं नाही. आता स्टीलच्या डब्यात ठेवते आणि ऊन पडलं की उघडून वाळवते. सुटी पुस्तकं मिळत असतील तर आधी सोहोनी आणि मणी घ्या, आठ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. आनंदीबाईंचं घेतलंत तर शेजारी बसून वाचा, आणि उरलेलं तुम्ही सांगा.