सात महिने तिरफळ हुंगून

फेब्रुवारीत नसांच्या दुखण्यासाठी रात्रीची अमिट्रिप्टिलिनची गोळी सुरू झाली. दुखणं उतरलं, पण तोंडाला कोरड पडली. मी वेंगुर्ल्यात प्राथमिक शाळेत शिकवते. तिसऱ्या तासाला जीभ टाळूला चिकटायची, बाराखडी म्हणताना मध्येच पाण्याची बाटली शोधायची वेळ. मग लिंबाच्या गोळ्या चघळायला लागले, तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी हात जोडले. लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर सुटते आणि आंबटपणा धुऊन काढते. तीच नसेल तर गोळ्या थेट दात झिजवणार. म्हणाले, ‘आंबट खाऊ नका, हुंगून बघा.’

आधी ऑनलाइन लिंबू-पुदिन्याच्या तेलाची कुपी मागवली. पुदिन्याने तोंड गार वाटतं, ओलं नाही. लिंबाचा वास पहिले पंधरा दिवस बरा होता, मग बूच सैल राहिलं आणि कुपीला टर्पेंटाइनचा वास यायला लागला. पैसे गेले.

खरा शोध स्वयंपाकघरात लागला. सासूबाई बांगड्याच्या तिखल्यासाठी (तिखट कालवणासाठी) तिरफळं, म्हणजे कोकणात माशांत घालतात ती उग्र वासाची मसाल्याची फळं, ठेचत होत्या आणि माझ्या जबड्याखाली चुणचुणून पाणी सुटलं! वासाने जागी होते ती मुख्यतः जबड्याखालची ग्रंथी, कानाजवळची चावल्यावर. तेव्हापासून सुकी तिरफळं घेते, आतली काळी बी काढून फेकते, सालं ठेचून कोमट पाण्याचे चार थेंब घालून काचेच्या बाटलीत घट्ट बंद. वर्गात शिरण्याआधी दोन-तीन श्वास.

पुण्याच्या भाचीला तीच बाटली दिली. ‘संत्र्याच्या सालीसारखं,’ म्हणाली, पण पाणीबिणी काही सुटलं नाही. तिने तिरफळाचा बांगडा कधी खाल्लाच नाहीये. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे: जिभेने आधी चाखलेल्या पदार्थाचाच वास कामाला येतो. एप्रिलात ताज्या चिरलेल्या कैरीने तिरफळालाही मागे टाकलं. गवती चहा छान, पण त्याने फक्त चहाची तलफ येते. निलगिरीने सर्दीची आठवण.

खोकल्याच्या औषधाच्या मापात दहा मिनिटं थुंकूनही पाहिलं (घरच्यांची तोंडं बघण्यासारखी). नुसतं बसून एक मिलिलिटरही नाही, तिरफळ हुंगून दोनच्या आसपास. माझी घरगुती मोजणी, एवढंच तिचं मोल. असर दहा-बारा मिनिटं टिकतो. सारखं हुंगत राहिलं तर नाक सरावतं आणि काहीच होत नाही, म्हणून तासाला एकदाच.

रात्री मात्र शून्य. झोपेत लाळ तशीही जवळजवळ थांबते. उशाशी बाटली ठेवून फक्त उशीला वास लागला. रात्रीसाठी डॉक्टरांनी दिलेलं जेल आणि तांब्याभर पाणीच. जुलैत सर्दीने नाक चोंदलं, ते दोन आठवडेही वाया. आणि तेल थेट जिभेवर लावू नका. मी एकदा लावलं, आग आग झाली. गोळी मनाने बंद केली नाही. डोस डॉक्टरच ठरवतात.

सासूबाई पहिल्या महिन्यात म्हणायच्या, ‘नुसतो वास घेवन काय तोंड ओलां होता?’ आता पावसाळा सरता सरता ओली तिरफळं येतील, ती सुक्यांपेक्षा बरी ठरतात का बघायचंय. त्यांनी आत्ताच बजावलंय, ‘आमटीक थोडी तिरफळां ठेव गो.’