तालमीशेजारचा बासरीवर्ग: आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका तालमीला लागून असलेल्या जुन्या घराच्या माडीवर भरणाऱ्या बासरीवर्गाला मी गेले आठ महिने जात आहे. खाली पैलवान जोर-बैठका मारतात, तसा वर आपण दमसास कमवायचा, असे गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि पुढे दोन महिने वरची तीन छिद्रे झाकून केवळ षड्ज (सा) लांबवायला लावला. माझ्याबरोबरचे निम्मे जण याच काळात गळाले. महिन्याभरात एखादे भावगीत वाजवायची घाई असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

वर्गाची खरी खासियत अशी की, येथे प्रत्येक तंत्र ते रुजवणाऱ्या कलावंताच्या आयुष्यातून उलगडते. बासरीवादक पन्नालाल घोष (1911–1960) यांनी सुमारे 32 इंचांची बासरी रागदारीच्या मैफलीत आणली, हे मी वाचले होते. परंतु लांबीबरोबर छिद्रांमधले अंतरही वाढते, त्यामुळे बोटांची टोके पुरत नाहीत आणि पेरी सपाट टेकवावी लागतात, हे गुरुजींनी त्या ओघात दाखवले तेव्हा कुठे माझा हात बसला. सहा छिद्रांच्या बासरीवर तीव्र मध्यम (चढा म) सगळी छिद्रे उघडून निघतो आणि पंचम (प) सगळी झाकून, म्हणून यमन रागात या दोन सुरांमध्ये सलग मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, घेता येत नाही. घोष यांनी सातवे छिद्र पाडून ते करंगळीकडे सोपवले ते याच अडचणीवर तोड म्हणून, हा भाग गुरुजींनी दोन्ही बासऱ्या वाजवून इतका सुंदर समजावला की त्या एका तासासाठी वर्षाची फी वसूल झाली असे मी मानतो.

घोष तरुणपणी मुष्टियुद्ध खेळत आणि बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांचे वडील तर पैलवानच होते. कोल्हापूरच्या पोरांना हे सांगितले की पोटातून श्वास घेण्याचा मुद्दा वेगळा पटवावा लागत नाही. चौरसियांनी सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींकडे शिकताना, नावलौकिक झालेला असूनही, बासरी उजवीकडून डावीकडे धरून नव्याने सुरुवात केली होती. माझी स्वतःच्या मनाने शिकलेली फुंक मोडून काढताना गुरुजींनी मला हीच हकीकत ऐकवली. मला ती तेव्हा मुळीच आवडली नव्हती.

उणिवाही आहेत. एका तुकडीत दहा-बारा जण असतात आणि सगळे एकदम वाजवू लागले की आपला सूर लागला की शेजाऱ्याचा, हे कळत नाही. बासरी मात्र गुरुजींना विचारूनच घ्यावी. मी आधीच एका दुकानातून घेतलेली पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) बासरी तानपुऱ्याशी शेवटपर्यंत जुळली नाही. संध्याकाळच्या तुकडीत रस्त्यावरच्या गाड्यांचा गोंगाट फार, त्यामुळे शक्य असेल त्यांनी सकाळी सहाची तुकडी घ्यावी. त्या वेळी खालून फक्त जोर मारणाऱ्यांचे श्वास ऐकू येतात.