टाइमशिफ्ट आठ महिने वापरलं, तीनदा रिस्टोअर केलं, त्याचा अनुभव

लॅपटॉप २०१७ चा आहे, सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत तो बसतच नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे कळलं तेव्हा मशीन तर धडधाकट होतं, मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही फुकट ऑपरेटिंग सिस्टम टाकली. मिंटची वेलकम स्क्रीनच सांगते की सिस्टम स्नॅपशॉट लावून घ्या, म्हणजे सिस्टमची त्या वेळची प्रत, बिघाड झाला की तिच्यावर परत जाता येतं (यालाच रिस्टोअर म्हणतात). त्यासाठी टाइमशिफ्ट आधीपासून आत असतं. टोनी जॉर्ज यांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर २०२२ पासून मिंटची टीमच सांभाळते.

मी पहिल्याच दिवशी दोन चुका केल्या आणि दोन्ही सेटिंगच्या होत्या. एक म्हणजे स्नॅपशॉट त्याच २५६ जीबीच्या एसएसडीवर ठेवले. दुसरी म्हणजे होम फोल्डर, म्हणजे आपल्या स्वतःच्या फाइलींचा, मुळात वगळलेला असतो, तो मी मुद्दाम आत घेतला, वाटलं डॉक्युमेंटही सुरक्षित राहतील. आता होममध्ये होतं व्हर्च्युअलबॉक्सचं, म्हणजे मिंटच्या आतच खिडकीत चालणारं विंडोज, एका जुन्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेलं, त्याची एकच फाइल ३५ जीबीची आणि मी ते रोज उघडायचो. आरसिंक मोडमध्ये, म्हणजे टाइमशिफ्टच्या फाइली कॉपी करण्याच्या पद्धतीत, न बदललेल्या फाइलची नवी कॉपी होत नाही, जुन्या स्नॅपशॉटमधलीच फाइल हार्ड लिंकने जोडली जाते, पण फाइल जराशी जरी बदलली तरी अख्खी नव्याने कॉपी होते. म्हणजे रोज ३५ जीबी. चौथ्या दिवशी डिस्क गच्च, आणि लॉगिनला पासवर्ड टाकला की फिरून परत लॉगिनच. शेवटी कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून काळ्या स्क्रीनवर गेलो, टाइमशिफ्टच्याच कमांडने यादी काढली आणि दोन स्नॅपशॉट उडवले, तेव्हा कुठे डेस्कटॉप आला.

मग नीट बसून पुन्हा लावलं. डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत जुनी १ टीबीची हार्ड डिस्क घातली. ती एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटची होती आणि टाइमशिफ्टला ते चालत नाही, म्हणून डेटा हलवून एक्स्ट-फोर या लिनक्सच्या फॉरमॅटची करून घेतली. होम पूर्ण बाहेर ठेवलं. स्नॅपशॉट ठेवले रोजचे ५, आठवड्याचे ३, महिन्याचे २. पहिला स्नॅपशॉट १७ जीबीचा झाला, पुढचे, अपडेट किती आले त्यावर, पाचशे एमबी ते दोन जीबीचे. आज सगळे मिळून चाळीस जीबीच्या आत आहेत. जुना स्नॅपशॉट उडवला तर नवा बिघडेल का ही भीती मलाही होती. नाही बिघडत. हार्ड लिंक म्हणजे एकाच घराला अनेक दारं, एक बुजवलं तरी घर जागेवरच राहतं.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. कर्नलचं, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याचं अपडेट चालू असताना लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी तर केव्हाच मेलेली. लाईट आल्यावर चालू केला तर बूटच होईना. मिंटचा पेनड्राइव्ह लावला, त्यावरूनच चालणाऱ्या लाइव्ह मिंटमध्येही टाइमशिफ्ट असतंच, त्याला हार्ड डिस्क दाखवली, सकाळचा स्नॅपशॉट निवडला आणि सिस्टम चालू करून देणारा बूटलोडरही पुन्हा बसवायला सांगितलं. पंचवीसेक मिनिटं लागली. मशीन उठलं, होममधली एकही फाइल हलली नव्हती, आणि त्या क्षणी होम बाहेर ठेवल्याचं सार्थक झालं. नाहीतर दुपारभर टाइप केलेली वीस पानं सकाळच्या अवस्थेत गेली असती.

बाकीचे दोन रिस्टोअर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या खटपटीतले, ते चालू सिस्टममधूनच केले. त्यातल्या एकात मजेशीर गोष्ट कळली. सिस्टम चार दिवस मागे गेली, म्हणजे ब्राउझर जुन्या व्हर्जनवर गेला, पण त्याचं प्रोफाइल असतं होममध्ये आणि ते नव्या व्हर्जनचं. ब्राउझर उघडायलाच तयार नाही, नवीन प्रोफाइल बनवा म्हणाला. बनवू नका! आधी ब्राउझर अपडेट करा, सगळे बुकमार्क जसेच्या तसे दिसतात.

डेटाबेसवाल्यांनी मात्र हे फार जपावं. मारियाडीबी या डेटाबेसचा डेटा होममध्ये नसतो, तो व्हार फोल्डरमध्ये असतो, म्हणजे रिस्टोअरबरोबर तोही मागे जातो. मी वाचनालयाच्या पुस्तकांची नोंद त्यात ठेवतो, म्हणून रोज रात्री डंप, म्हणजे सगळ्या नोंदींची एक फाइल काढून होममध्ये टाकतो.

त्रास म्हणाल तर हार्ड डिस्कवरचे जुने स्नॅपशॉट उडायला फार वेळ लागतो, लाखो लहान फाइली असतात ना. भाच्याने बीटीआरएफएसवर लावलंय, म्हणजे स्नॅपशॉटची सोय आतच असलेल्या डिस्क फॉरमॅटवर, त्याचे स्नॅपशॉट सेकंदात होतात. पण ते त्याच डिस्कवर राहतात, डिस्क गेली की तेही गेले, शिवाय इन्स्टॉल करतानाच सबव्हॉल्यूमची (डिस्कच्या आतल्या कप्प्यांची) रचना टाइमशिफ्टला हवी तशी लागते. मला वेगळी डिस्कच बरी वाटते.

आणि टाइमशिफ्ट लावलंय म्हणून फोटो-डॉक्युमेंटचा बॅकअप झाला असं धरू नका, ते कामच त्याचं नाही. ते मी दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर वेगळं घेतो.

गेल्या महिन्यात ताईच्या कॉम्प्युटरवर लावून दिलं. तिच्याकडे एकच डिस्क, म्हणून रोजचे २ आणि आठवड्याचा १ एवढेच ठेवले, होम बाहेर. आणि लावल्या लावल्या तिच्यासमोर एकदा पेनड्राइव्हवरून रिस्टोअर करून दाखवलं, मग तिच्याकडूनही करून घेतलं. ताईने सगळ्या पायऱ्या वहीत लिहून घेतल्या आणि पेनड्राइव्ह सीपीयूलाच दोऱ्याने बांधून ठेवलाय.