कोरलेला भोपळा टिकवायला ब्लीचचं पाणी: दोन हंगामांच्या वापरानंतर

आम्ही न्यू जर्सीत राहतो. सप्टेंबर संपत आला की इथे हॅलोविनसाठी दारोदारी भोपळे मांडले जातात आणि मुलांना त्यांवर लगेच चेहरे कोरायचे असतात. पण कोरलेला भोपळा ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनपर्यंत दम धरत नाही. त्यात सुमारे ९० टक्के पाणी. साल कापली की कापलेल्या कडा सुकून डोळे-दात आत वळतात आणि आतल्या ओल्या गरावर बुरशी धरते.

व्हिनेगर, दुकानातला तयार फवारा, नुसतं व्हॅसलीन असं सगळं वापरून झालं. टिकलं ते साधं, बिनवासाचं ब्लीच. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीच घालून आतून आणि कापलेल्या कडांवर फवारायचं. मग भोपळा पालथा घालून पूर्ण कोरडा होऊ द्यायचा आणि मगच कडांना व्हॅसलीन लावायचं. ओल्यावर लावलंत तर ओल आतच कोंडते. पातळ केलेल्या ब्लीचचा जोर लवकर उतरतो, त्यामुळे पाणी रोज नवं करते. हातमोजे घालाच. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. मुलं आसपास असतात म्हणून हे मुद्दाम सांगते.

खरी मेहनत मात्र फवारण्याआधीची आहे. बुरशीचा पहिला पांढरा लव मला नेहमी दोनच ठिकाणी दिसला: झाकणाच्या आतल्या बाजूला लोंबणाऱ्या धाग्यांवर आणि तळाशी, जिथे पाणी साचतं तिथे. म्हणून धातूच्या चमच्याने भिंती अगदी गुळगुळीत होईपर्यंत खरवडते. आता देठाकडे झाकण कापतच नाही, तळालाच भोक पाडते. साचणारं पाणी निघून जातं आणि वरचा भाग खचत नाही.

भोपळ्यात मेणबत्ती लावणं बंद केलं, हा दुसरा मोठा फरक. तिच्या आचेने वरचा गर अक्षरशः शिजतो. बॅटरीवरच्या पणत्या भरपूर उजेड देतात. २०२४ मध्ये दिवाळी आणि हॅलोविन एकत्रच आले, तेव्हा पायरीवर मातीच्या पणत्यांशेजारी त्याच ठेवल्या होत्या.

एवढं केल्यावर थंड हवेत आमचा भोपळा दहा-बारा दिवस धड राहतो. काही न करता ठेवलेला चार-पाच दिवसांत बसायचा. उन्हाळी ऑक्टोबर असला तर मात्र ब्लीचही फार साथ देत नाही. तेव्हा रात्री फ्रिजमध्ये ठेवावा लागतो आणि त्यासाठी भोपळा लहानच घ्यावा. कडा सुकल्या तर रात्रभर गार पाण्यात बुडवला की पुष्कळ ताठ होतो.

व्हॅसलीनला मी मध्यम गुण देईन. आकसणं कमी होतं, बुरशी थांबत नाही. तयार फवारा महाग आणि ब्लीचपेक्षा सरस अजिबात नाही.

बिया आधीच काढून भाजून घ्या, कारण ब्लीच लागलेलं काहीही खायचं नाही, खारी-हरणांसाठी बागेतही टाकायचं नाही. कोरायच्या भोपळ्याचा गर पाणचट आणि धाग्यांचा असतो, त्याचे घारगे चांगले होत नाहीत. त्यासाठी बटरनट जातीचा भोपळा आणा. सप्टेंबरपासून दारात भोपळा हवाच असेल तर अख्खा ठेवा, साल शाबूत असली तर तो नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापर्यंत सहज राहतो. कोरायचा तो २५ ऑक्टोबरच्या पुढेच कोरा.