‘फक्त दोघं जोडा’: पाच हजारांच्या कोर्समागचा दोन पातळ्यांचा हिशेब

‘फक्त दोघं जोडा. मग ते जोडतील आणि तुम्हाला पॅसिव्ह इन्कम, म्हणजे बसल्या जागी कमाई, सुरू.’ आधी ऑनलाइन कोर्स विकत घ्या, मग तोच पुढे विकून कमिशन मिळवा, अशा योजनेच्या झूमवरच्या वेबिनारमध्ये हे वाक्य येतं तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चार जण असतात, मग आठ, मग सोळा. हिशेब मात्र कुणी कागदावर मांडत नाही. तो मांडला तर ज्याला फसायचं नाही तो माणूस तिथेच थांबेल.

आधी सरळ धंदा कसा चालतो ते पाहू. एखादी वेब होस्टिंग किंवा सॉफ्टवेअर विकणारी कंपनी तुम्हाला फुकट लिंक देते. त्या लिंकमध्ये तुमचा आयडी असतो. कुणी क्लिक केलं की त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे तुमच्या आयडीची छोटी नोंद, बसते आणि ठरलेल्या मुदतीत खरेदी झाली तर कमिशन तुमच्या नावावर पडतं. ही झाली पहिली पातळी. तुमच्या लिंकवरून दुसरा कुणी अ‍ॅफिलिएट, म्हणजे कमिशनवर विकणारा, म्हणून नोंदला आणि त्याने विक्री केली, तर तुम्हालाही थोडा वाटा मिळतो, ही दुसरी. दोन्ही पातळ्यांना पैसा पुरवतो तो बाहेरचा गिऱ्हाईक, ज्याला होस्टिंग हवंय आणि कमिशनशी काही देणंघेणं नाही. हा गिऱ्हाईक काढून टाका, मग काय उरतं ते बघा.

समजा, कोर्स ५,००० रुपयांचा आहे. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण बेत असाच असतो. त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला, म्हणजे मूळ किंमत ४,२३७ रुपये. पहिल्या पातळीला ६० टक्के, म्हणजे २,५४२. दुसरीला १० टक्के, म्हणजे ४२४. एक नवा माणूस आला की जुन्या सदस्यांमध्ये २,९६६ रुपये वाटले जातात आणि उरलेले २,०३४ कंपनी व कर यांच्याकडे जातात. कोर्स घेणारा प्रत्येकजण पुढे तोच कोर्स विकणारा असेल, तर सगळ्या सदस्यांचा मिळून माणशी २,०३४ रुपयांचा तोटा आधीच ठरलेला आहे. कुणी कितीही मेहनत करो, हा आकडा बदलत नाही. फक्त कुणाचा खिसा किती रिकामा होणार एवढंच बदलतं.

आता एका माणसाचं घ्या. दोघं जोडले, ५,०८४ रुपये आले. भरलेले ५,००० कसेबसे सुटले. त्या दोघांनीही दोन-दोन जोडले तर आणखी चार वेळा ४२४, म्हणजे सुमारे १,६९६. सगळं अगदी वेबिनारमध्ये सांगितल्याप्रमाणे जमलं तरी नफा १,७८० रुपये! तिसरी फळी उभी राहिली तरी त्यातून तुम्हाला छदामही नाही, कारण पातळ्या दोनच आहेत. मग मोठी रक्कम कमवायची तर स्वतःच शंभर-शंभर माणसं गाठावी लागतात, आणि त्याला पॅसिव्ह म्हणणं हा विनोद झाला. शिवाय प्रत्येकाने दोन जोडत गेलं तर साखळी कुठेही थांबली तरी शेवटच्या फळीत निम्म्याहून जास्त लोक असतात. त्यांच्या हातात एक रुपयाही पडत नाही. विसाव्या दुपटीला एकट्या शेवटच्या फळीतच साडेदहा लाखांपर्यंत माणसं लागतात.

हे गणित झाकायला काही ठरलेल्या युक्त्या असतात. सर्वांत चलाख युक्ती पॅकेजची. ज्या पॅकेजचे तुम्ही सदस्य, तेवढ्याच किमतीपर्यंतचं कमिशन तुम्हाला मिळणार. तुमच्याकडे छोटं पॅकेज आणि गिऱ्हाइकाने मोठं घेतलं, तर वरचं कमिशन बुडतं किंवा स्पॉन्सरकडे, म्हणजे तुम्हाला जोडणाऱ्याकडे, जातं. मग ‘अपग्रेड कर, नाहीतर नुकसान’ असा फोन येतो आणि दोन हजारांचं पॅकेज घेऊन आलेला पोरगा हप्त्यावर पंधरा हजार भरून बसतो. दुसरी युक्ती ओळखीच्या शंभर जणांची यादी करायला लावण्याची. मावशी, शाळेतला मित्र, जुना शेजारी, सगळे त्यात येतात. कोर्स कुणाला हवाय हा प्रश्नच येत नाही, नाही कसं म्हणायचं हाच प्रश्न असतो.

कमाईच्या स्क्रीनशॉटवर तर विश्वास ठेवूच नका. ब्राउझरमध्ये राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडलं की डॅशबोर्डवरचा कुठलाही आकडा मिनिटभरात बदलता येतो. त्यापेक्षा एक साधी मागणी करा. वर्षाला २०,००० रुपयांच्या वर कमिशन दिलं तर कंपनीने २ टक्के टीडीएस कापायला हवा, आणि तो घेणाऱ्याच्या पॅनखाली आयकर पोर्टलवर दिसतो. ‘दादा, तेवढं पान दाखवा’ म्हटलं की बरेच स्पॉन्सर विषय बदलतात. फी कंपनीऐवजी स्पॉन्सरच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितली, तर पुढचं काही तपासायची गरजच नाही.

सरळ वाटणाऱ्या कार्यक्रमातही फसगत होते, फक्त लहान. ‘दुसऱ्या पातळीवर ५ टक्के’ हे कशाचे? १०,००० च्या विक्रीचे असतील तर ५०० रुपये, पण खालच्याच्या २० टक्के कमिशनचे असतील तर फक्त १००. कुकी २४ तासांची की ३० दिवसांची, हेही आधी वाचा. तुम्ही आणलेला माणूस लिंक सोडून थेट मुख्य पानावरून नोंदला, तर तो तुमच्याखाली दिसतच नाही, आणि नंतर सहसा कुणी जोडून देत नाही.

कायदा याबाबत गप्प नाही. १९७८ च्या प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन बंदी कायद्यात अशी योजना चालवणं तर गुन्हा आहेच, पण त्यात माणसं भरती करणंही गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘आपले पैसे तरी सुटू देत’ म्हणून भाचीला जोडणारा इथेच अडकतो. २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजना, म्हणजे नव्या भरतीच्या पैशावर चालणारी साखळी, आणि प्रवेश शुल्क दोन्हींना मनाई केली आहे. म्हणून तर या मंडळींना ‘थेट विक्री’ऐवजी ‘अ‍ॅफिलिएट’ हा शब्द इतका प्रिय. अमेरिकेत बर्नलाउंज नावाची कंपनी संगीत विकत होती, तरी २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तिला पिरॅमिडच ठरवलं, कारण बक्षीस भरतीचं होतं. माल आहे म्हणजे योजना सरळ, असं होत नाही.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता आली तर आली, म्हणून इथे तासांना किंमत आहे. यूपीआयचा १२ आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, हाताशी ठेवा. कंपनी जागेवर असेल आणि ‘डिजिटल माल, परतावा नाही’ म्हणत असेल, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि त्यानंतर ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंत भरलेल्या रकमेच्या तक्रारीला फी नाही, मुदत २ वर्षांची. आणि रागाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडू नका. आधी चॅट एक्स्पोर्ट करा, कमाईची आश्वासनं देणारे व्हॉइस मेसेज वेगळे साठवा, वेबिनारच्या लिंक आणि तारखा लिहून ठेवा. तक्रारीचा वास आला की अ‍ॅडमिन सर्वांत आधी मेसेज पुसायला घेतो.